सनद राजाची, बांध गावाचा

डिसेंबर महिना लागला की आपल्या बेळगाव-खानापूर भागातील कित्येक भाविक घाट उतरून जुन्या गोव्याची वाट धरतात. कोणी आगगाडीने जातात, कोणी मोटारीने, तर कोणी नवस फेडण्यासाठी पायीच निघतात. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण ३ डिसेंबरला असतो. त्या दिवशी तेथे पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही. परंतु गर्दी ओसरल्यावर जो कोणी त्या भव्य मंदिरांमधून शांतपणे फिरेल, त्याच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहणार नाही. एवढी मोठी मंदिरे ज्या शहरासाठी बांधली, ते शहर कोठे आहे? मंदिरे उभी आहेत, पण त्यांच्या भोवती नांदणारी आळी नाही, पेठ नाही, घरे नाहीत. मधल्या जागेत माड आणि गवत आहे.

ते शहर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते. लिस्बनच्या धर्तीवर त्याला स्वतःची नगरसभा होती. न्यायालये होती, रुग्णालय होते, देशोदेशींच्या मालाची बाजारपेठ होती. पुढे साथीच्या रोगांनी आणि हिवतापाने लोक हैराण झाले. ज्याला शक्य झाले तो घर सोडून गेला, आणि १८४३ साली राजाज्ञेने पणजी ही राजधानी ठरली. राजाने उभारलेले शहर येणेप्रमाणे लयास गेले. मात्र ज्या गावाच्या भूमीवर ते उभे होते, ते एला गाव आजही आहे. शेजारचे करमळी आहे, नेवरा आहे, आजोशी आहे. पोर्तुगीज गोव्यात उतरले त्यापूर्वी ही गावे होती, आणि पोर्तुगीज निघून गेल्यावरही ती आहेत. एवढेच नव्हे, तर परक्या राजाच्या अमलाखाली साडेचारशे वर्षे त्यांनी आपल्या जमिनीचा कारभार पुष्कळ अंशी आपणच पाहिला.

हे कसे साधले, त्यात काय उणे होते आणि तो कारभार शेवटी हातून कसा निसटला, हे वाचकांपुढे ठेवावे असा ह्या लेखाचा हेतू आहे. ग्रामसभा, पंचायत, सोसायटी हे शब्द आज आपल्या प्रत्येक घरात बोलले जातात. त्यांचा अर्थ उमगण्यास ही जुनी हकीगत उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

सम्राटाची मुक्त नगरे

राजाच्या सत्तेखाली राहूनही आपला कारभार आपण करावा, ही कल्पना एकट्या आपल्या देशातील नव्हे. युरोपात जर्मन लोकांच्या देशी मध्ययुगात एक मोठे साम्राज्य होते. त्याच्या छत्राखाली अनेक राजे, सरदार आणि धर्माध्यक्ष आपापल्या प्रदेशावर अंमल चालवीत. परंतु काही नगरे अशी होती की त्यांच्यावर कोणाही सरदाराची सत्ता नव्हती. ती थेट सम्राटाची प्रजा. सम्राटाला कर द्यावयाचा, युद्धात माणसे द्यावयाची, आणि बाकी सर्व बाबतीत आपला नगराध्यक्ष, आपले कायदे, आपले न्यायासन आणि आपला तट आपणच सांभाळावयाचा. उत्तरेकडील ल्यूबेक ह्या बंदराला सम्राट दुसरा फ्रेडरिक ह्याने १२२६ साली अशी सनद दिली. न्यूरेंबर्ग, आउग्सबुर्ग, उल्म ही त्याच पंक्तीतील नगरे होत.

उल्म नगराची एक चाल विशेष सांगण्याजोगी आहे. तेथील व्यापारी घराणी आणि कारागिरांचे संघ ह्यांच्यामध्ये दीर्घकाळ कलह चालला होता. १३९७ साली त्यांनी एक करार केला. नगराध्यक्षाने दरवर्षी सर्वांसमक्ष शपथ घ्यावयाची की श्रीमंत आणि गरीब ह्या दोघांनाही आपण सारखेच मानू. उल्मचे स्वातंत्र्य १८०२ मध्ये बव्हेरियाच्या राज्यात बुडाले. परंतु त्या शपथेचा दिवस जुलै महिन्यात तेथे आजही पाळला जातो.

अशा नगरांचा शेवट मात्र मोठा बोधप्रद झाला. नेपोलियनच्या युद्धांमुळे साम्राज्य खिळखिळे झाले, आणि १८०३ साली एका ठरावाने ह्या नगरांपैकी फक्त सहा शिल्लक ठेवण्यात आली. बाकीची शेजारच्या राजांना वाटून टाकली. शतकानुशतके जपलेल्या सनदा एका दिवसात रद्दी झाल्या. ल्यूबेकने आणखी पुष्कळ काळ तग धरला. १९३७ मध्ये हिटलरच्या राजवटीने तेही स्वातंत्र्य काढून घेतले.

ल्यूबेकच्या सनदेनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, म्हणजे १५२६ साली, आपल्या शेजारी गोव्यात एक सनद लिहिली गेली. ती नगरासाठी नव्हती, भातशेती करणाऱ्या गावांसाठी होती.

सनदेत काय लिहिले होते

आल्फोन्सो दे आल्बुकेर्क ह्याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकले. त्या वेळी पोर्तुगीजांपाशी तलवार होती, जहाजे होती. परंतु तिसवाडीच्या बेटावर कोणते शेत कोणाचे, कोणता सारा कोणी भरावयाचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते ज्यांना ठाऊक होते त्यांच्याशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे जाणकार लोक म्हणजे प्रत्येक गावचे गावकार. पोर्तुगीज राजाचा महसूल अधिकारी आफोन्सो मेशिया ह्याने त्यांच्या चालीरीतींची चौकशी केली आणि १६ सप्टेंबर १५२६ रोजी ४९ कलमांची एक सनद तयार केली. पोर्तुगीज भाषेत तिला फोराल म्हणतात. तिच्यात तिसवाडीच्या ३१ गावांची नावे आहेत. त्यांपैकी नेवरा, करमळी, एला, आजोशी, कालापूर आदी आठ गावे प्रमुख मानलेली आहेत. बेटाच्या सर्वसाधारण सभेत ह्या आठ गावांच्या प्रतिनिधींना मान असे.

ह्या सनदेच्या आरंभी गावांच्या उत्पत्तीची जी हकीगत दिली आहे ती फार साधी आहे. पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी तेथे मशागत केली, वस्ती वाढली, आणि त्यांनी कारभार चांगला केला म्हणून त्यांना गावकार हे नाव मिळाले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील विचार महत्त्वाचा आहे. गावाचा अधिकार राजाने दिला, असे राजाचा अधिकारीदेखील म्हणत नाही. ज्यांनी जमीन घडविली त्यांच्याकडे तो आपोआप आला, असे तो लिहून ठेवतो.

सनदेतील मुख्य गोष्टी थोडक्यात अशा. प्रत्येक गावाने राजाला ठरलेला सारा द्यावयाचा. पीक येवो वा बुडो, नफा होवो वा तोटा, ती जबाबदारी सगळ्या गावकारांची मिळून. गावच्या सभेत कुलकर्णी हजर पाहिजे. त्याने लिहिल्यावाचून झालेला व्यवहार ग्राह्य नाही. पडीक जमीन लागवडीस द्यावयाचा अधिकार गावाचा. सुतार, लोहार, न्हावी, परीट ह्यांसारख्या गावच्या सेवकांना उदरनिर्वाहासाठी जमीन द्यावयाची, तीही गावानेच. मानपानाच्या बाबीसुद्धा लिहिलेल्या आहेत: विडा प्रथम कोणाला, भाताची कापणी प्रथम कोणाच्या शेतात. वाचकांना ह्याचे हसू येईल. परंतु मानाच्या विड्यावरून आपल्या गावात किती भांडणे झाली आहेत ते आठवावे, म्हणजे हे लिहून ठेवण्यामागचे शहाणपण ध्यानी येईल.

खारा बांध

आता मुख्य प्रश्न असा की जमीन सामाईक ठेवण्याची गरज ह्या गावांना का वाटली? ह्याचे उत्तर कागदात सापडत नाही, चिखलात सापडते.

मांडवी आणि जुवारी ह्या नद्यांत समुद्राची भरती आतपर्यंत येते. काठची सखल जमीन मूळची खाऱ्या पाण्याची. त्या जमिनीभोवती माती, जांभा दगड आणि झाडोरा ह्यांचा बांध घालून गावकारांनी ती समुद्राकडून सोडवून घेतली. अशा शेतांना खाजन म्हणतात. बांधात पाणी सोडण्यासाठी दारे असतात. त्यांना मानस म्हणतात. ओहोटी लागली की दार उघडून शेतातील पाणी बाहेर जाते, भरती आली की ते बंद होते. ह्या शेतांत कोरगुट नावाचे खारे पाणी सोसणारे भात पिकते, आणि मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते.

आता विचार करा. बांध एक आहे आणि शेते शंभर आहेत. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर खारे पाणी त्या एकाच्याच शेतात थांबत नाही. शंभर शेतांत शिरते, आणि मीठ बसलेली जमीन सुधारण्यास पुढे कित्येक पावसाळे लागतात. येथे कोणालाही 'मी माझ्यापुरते पाहीन' असे म्हणण्याची सोय नाही. म्हणून जमीन गावाची, बांध गावाचा आणि हिशेबही गावाचा. शेते ठरावीक मुदतीने लिलावाने कसावयास देत. त्या उत्पन्नातून आधी राजाचा सारा जाई. मग बांध, तळी, वाटा आणि सेवकांचा खर्च होई. जे उरेल ते गावकार वाटून घेत. ह्या वाटणीला जोण असे नाव आहे. ज्या वर्षी उरण्याऐवजी तूट येई, त्या वर्षी तीही गावकारांनीच भरावयाची.

आपल्या देशावरील गावांत असे का झाले नाही, असे कोणी विचारील. आपल्याकडेही पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार होते. काळी आणि पांढरी ह्यांचे नाते होते. परंतु आपल्या जमिनीला समुद्राचे भय नव्हते. शिवाय इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याने रयतवारी पद्धत आणली. १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी जी मोजणी सुरू केली, तिची पद्धत पुढे इलाखाभर पसरली आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातही आली. प्रत्येक तुकड्याला नंबर, प्रत्येक नंबरास खातेदार, आणि प्रत्येक खातेदार सरकारला एकेकटा जबाबदार. ह्यामुळे कुळाला आपला हक्क कागदावर दिसू लागला हे खरे. परंतु गाव म्हणून एकत्र बसण्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले. गोव्यात मात्र बांध होता, म्हणून सभा टिकली.

देऊळ गेले, मंदिर आले

ह्या इतिहासाचा एक भाग आम्हांस धर्मगुरू ह्या नात्याने टाळता येणार नाही. १५२६ च्या सनदेने गावांच्या चालीरीतींना मान्यता दिली. पण पंधरा वर्षांच्या आतच त्यांतील एक मोठी चाल मोडली गेली. १५४१ पर्यंत तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली होती, आणि त्या वर्षी देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती मंदिरांकडे वळविण्यात आले. गावकारांनी त्यास संमती दिल्याचा कागद आहे. परंतु ज्याच्या हाती तलवार आहे त्याच्यासमोर दिलेल्या संमतीचे मोल किती, हे वाचकांनीच ठरवावे. पुढे अशीही फर्माने निघाली की ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही त्यांचे गावच्या सभेतील स्थान कमी व्हावे.

सर्वांत दुःखद प्रसंग साष्टी तालुक्यातील कुंकळ्ळीचा. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आली होती. तेथील गावकारांनी देवळे पाडल्याच्या संतापाने सारा भरण्याचे नाकारले. १५ जुलै १५८३ रोजी मंदिरासाठी जागा पाहावयास आलेले रुडोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती ह्यांना तेथे ठार करण्यात आले. हे रुडोल्फ आक्वाविवा म्हणजे पूर्वी अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले विद्वान व नम्र धर्मगुरू. १८९३ साली पोपमहाशयांनी त्या पाचही जणांना धन्यवादित म्हणून घोषित केले. ह्या वधानंतर सरकारने काय केले? कुंकळ्ळीच्या सोळा प्रमुख गावकारांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले, आणि चौकशी वा खटला ह्यावाचून त्यांच्यावर शस्त्र चालविले. पुढे कुंकळ्ळी, वेरोडा, आंबेली, वेळ्ळी आणि असोळणा ह्या पाच गावांच्या जमिनी जप्त करून दुसऱ्यांना दिल्या.

आम्ही त्या पाच धर्मवीरांचे स्मरण आदराने करतो. तसेच शब्दावर विश्वास ठेवून किल्ल्यात गेलेल्या त्या गावकारांच्या मृत्यूला अन्यायच म्हटले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगता येतात, आणि सांगितल्याच पाहिजेत. कुंकळ्ळीत आज त्या सोळा गावकारांचे स्मारक उभे आहे. सनद कितीही पक्की असली तरी ती देणाऱ्याचे मन फिरले की तिचे काय होते, हे जर्मनीतील नगरांनी १८०३ मध्ये पाहिले. कुंकळ्ळीने ते त्यापूर्वी दोनशे वीस वर्षे पाहिले.

असे असूनही जी गावे ख्रिस्ती झाली, त्यांनी आपला गाव सोडला नाही. देवळाचा खर्च जसा गाव करी, तसाच मंदिराचा खर्च गाव करू लागला. जी घराणी पूर्वी वांगड म्हणून सभेत बसत, तीच पाळीपाळीने मंदिराचा सण साजरा करू लागली. नव्या भाताची पहिली कणसे मंदिरात आणून आशीर्वादित करण्याचा सण गोव्यात अजून मोठ्या प्रेमाने पाळतात. राय गावी तो ५ ऑगस्टला आणि ताळगावी २१ ऑगस्टला होतो. कणसे कापण्याचा मान गावकारांचा. आपल्याकडील ज्या घरांची मुळे गोव्यात आहेत त्यांना हे नवे नाही.

सभेच्या दाराबाहेर कोण होते

ह्या संस्थेची स्तुती करताना एक उणीव लपवून चालणार नाही. गावकार म्हणजे गावात राहणारा प्रत्येक माणूस नव्हे. मूळ घराण्यात जन्मलेला पुरुष तेवढा गावकार. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्याच खाजनात कंबरभर चिखलात उभे राहणारे कूळ सभेत बसू शकत नसे. बांध फुटला तर टोपली त्याच्या डोक्यावर. पण जोण त्याच्या पदरात नाही. स्त्रियांना तर ह्या सभेत जागाच नव्हती, आणि १५२६ च्या सनदेत मुलींना वारसाही नाकारलेला आहे. जर्मन नगरांतही हीच तऱ्हा होती; तटाच्या आत राहणारा प्रत्येक जण नागरिक नव्हता. उल्मच्या कारागिरांनी भांडून आपली जागा मिळविली. मोलकरणीला आणि मजुराला ती मिळाली नाही.

ही उणीव पुढे संस्थेच्या मुळावर आली. हळूहळू गावकारीचा अर्थ बदलत गेला. गावकार शिकले, मुंबईस गेले, आफ्रिकेत गेले, दर्यावर्दी झाले. कोणी आपल्या घाटावर येऊन बेळगावात स्थिरावले. ते गेले तरी जोणवरचा हक्क जन्माचा असल्यामुळे गेला नाही. काही ठिकाणी हिस्से विकलेही गेले, आणि ज्यांनी ते विकत घेतले त्यांचा गावाशी तेवढाच संबंध राहिला. म्हणजे काम एकाचे आणि वाटा दुसऱ्याचा, असा प्रकार वाढत गेला. जेथे तूट सर्वांनी भरावयाची होती, तेथे केवळ उरलेले वाटून घ्यावयाचे तेवढे शिल्लक राहिले.

सभा ओस पडू लागली की सरकार आत शिरते. गोव्यातही तसेच झाले. पोर्तुगीज सरकारने ह्या संस्थांसाठी १९०४ साली एक मोठी संहिता केली, १९३३ मध्ये दुसरी, आणि १५ एप्रिल १९६१ रोजी तिसरी. संस्थेचे नाव झाले कोमुनिदाद, आणि तिच्यावर सरकारी प्रशासक बसला. खर्चास त्याची मंजुरी, लिलावास त्याची मंजुरी. पूर्वी कुलकर्ण्याची वही सभेला उत्तर देई. आता ती कचेरीला उत्तर देऊ लागली. कोणत्याही राजाने तलवार उपसली नाही. तरीही मेशियाच्या सनदेपेक्षा ह्या संहितांनी गावाच्या हातून अधिक काढून घेतले.

१९६१ नंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाले. पुढल्याच वर्षी तेथे प्रौढ मतदानाने ग्रामपंचायती निवडल्या गेल्या. जे कूळ चार शतके सभेच्या दाराबाहेर होते, त्याला प्रथमच मत मिळाले. त्याच्या पत्नीलाही मिळाले. १९६४ चा कूळकायदा आला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे.

परंतु एक गोष्ट मागे राहिली. जमीन वाटता येते, बांध वाटता येत नाही. लिलावाचे उत्पन्न आटल्यावर कोमुनिदादीला बांधाची निगा परवडेना. कुळांचे संघ कायद्याने स्थापन झाले. काहींनी ते काम चांगले केले, काहींनी केले नाही. अनेक ठिकाणी बांध फुटले, खारे पाणी आत आले, आणि ज्या शेतांत भात डोलत असे तेथे आज खारफुटी उभी आहे. काही ठिकाणी तर मासळी अधिक मिळावी म्हणून मानशीची दारे मुद्दाम उघडी ठेवल्याच्या तक्रारी शेतकरी करीत असतात.

कोमुनिदादी नाहीशा झालेल्या नाहीत. गोव्यात त्यांची संख्या २२३ सांगितली जाते. त्यांची समिती निवडली जाते, जोण वाटली जाते. अतिक्रमणांचे आणि जमीनविक्रीचे खटले चालू असतात. पण एकेकाळी ज्या सभेत गावाचा सारा, पाणी, वाट, वैद्य आणि सण ह्यांचा निर्णय होई, ती आता बहुतेक ठिकाणी उरलेल्या जमिनीची राखणदार एवढीच राहिली आहे.

आपल्या घाटावर

मग ह्या हकीगतीतून आपण काय घ्यावे? जुने परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. जन्मावर आधारलेली सत्ता परत येऊ नये हेच बरे. परंतु तिच्यात जे मोलाचे होते ते नव्या भांड्यात घालता येते, आणि ते भांडे आपल्या परिसरातच घडले आहे.

फ्रीडरिश राइफायझन नावाचे एक सद्‌गृहस्थ जर्मनीत खेड्यांचे नगराध्यक्ष होते. सावकाराच्या पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे पतपेढी उभी केली. नियम असा की सर्व सभासद परस्परांच्या कर्जास मिळून जबाबदार. एकाने बुडविले तर सर्वांना झळ. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यावर लक्ष ठेवील आणि अडचणीत हातही देईल. १९०४ साली भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो ह्याच धर्तीवर. आणि त्याखाली पहिली ग्रामीण संस्था १९०५ मध्ये आपल्या कर्नाटकात, गदगजवळील कणगिनहाळ गावी, सिद्धनगौडा पाटील ह्यांनी स्थापन केली. खाजनाच्या बांधामागील तत्त्व आणि ह्या संस्थेमागील तत्त्व एकच आहे. फरक एवढाच की येथे सभासद होण्यास मूळ घराण्यात जन्मावे लागत नाही.

आज आपल्या निपाणी-चिकोडीकडील आणि बेळगाव-खानापूरकडील गावांना ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे, सेवा सोसायटी आहे, दूधसंघ आहे. १९९३ पासून पंचायतीला राज्यघटनेचे बळ आहे. आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गोव्याच्या गावकाराला जे कधी मिळाले नाही आणि उल्मच्या मजुराला जे मिळाले नाही, ते आपल्या हाती आहे. सनद आपल्याजवळ आहे. प्रश्न बांधाचा आहे.

ग्रामसभेची दवंडी होते तेव्हा आपल्यापैकी किती जण जातात? सोसायटीचा ताळेबंद किती जण उघडून पाहतात? लाभांश मिळाला की आपण समाधानी असतो, आणि तूट आली की 'संचालक पाहतील' असे म्हणतो. गावाकडील घर बंद करून शहरास गेलेला भाऊ वाटणीच्या दिवशी मात्र हजर होतो. जोण घ्यावयाची, पण बांधावर जावयाचे नाही, ह्याच वाटेने गोव्याची गावे गेली. आपल्या पंचायतीत निवडून आलेल्या भगिनीच्या खुर्चीवर तिचा पती बसत असेल, तर १५२६ चीच सभा आपण पुन्हा भरवीत आहो, असे समजावे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाला आमची एक विनंती आहे. ह्या वर्षीच्या ग्रामसभेला घरातील निदान दोघांनी जावे, त्यांपैकी एक स्त्री असावी. जमाखर्चाची वही मागावी, ती मोठ्याने वाचावयास लावावी, आणि ज्या खर्चाचा अर्थ कळला नाही त्याविषयी शांतपणे विचारावे. शेजारच्या आळीतील ज्या घराला सभेत बोलावयास संकोच वाटतो, त्या घरातील माणसाला आपल्याबरोबर घेऊन जावे. गावाच्या तळ्याचा गाळ काढावयाचा असेल तर त्या दिवशी टोपली घेऊन हजर राहावे. गोव्याच्या खाजनात भरतीचे पाणी रोज दोन वेळा बांधाला टेकते. ज्या गावाने बांध राखला तेथे ते बाहेरच थांबते.